औषधाची हुंडी

डोके दुखते म्हणून आपण ॲस्पिरिनची गोळी घेतो. गोळी पोटात विरघळते, तिचा अंश रक्तात उतरतो आणि थोड्या वेळाने डोके थांबते. आपल्याला वाटते, गोळी डोक्याकडे गेली. पण ती तशी गेलेली नसते. डोके कोठे आणि गुडघा कोठे, याची ॲस्पिरिनला काहीच खबर नसते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे अंगातले बहुतेक सगळे रक्त मिनिटाभरात एक फेरी पुरी करते. या रक्तात जे मिसळले, ते बघता बघता टाळूपासून तळव्यापर्यंत सगळीकडे पोहोचते. दुखणे एका जागी आणि औषध मात्र अंगभर, असा हा आपला नेहमीचा व्यवहार आहे.

ॲस्पिरिनच्या बाबतीत हा व्यवहार परवडतो. काहींच्या पोटात जळजळ होते. पण काही औषधे अशी आहेत की त्यांचा अंगभर संचार रोग्याला फार महाग पडतो. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे त्यांतले एक. इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाच्या कुळातून हे औषध निघाले. रंगाने ते लालभडक आहे. पेशीच्या केंद्रात आनुवंशिकतेचे जे दुहेरी धागे असतात, त्यांच्यामध्ये ते पाचरीसारखे शिरते. मग त्या पेशीला आपली नक्कल करता येत नाही आणि ती मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्यांना हा मार अधिक बसतो. पण केसांची मुळे, तोंडातले अस्तर, हाडांतील मज्जा यांच्याही पेशी भराभर वाढणाऱ्याच. म्हणून केस जातात, तोंड येते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात.

हे सगळे पुन्हा भरून येते. हृदयाचे तसे नाही. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूत शिरते आणि तेथे केलेले नुकसान साठत जाते. म्हणून या औषधाला आयुष्यभराची मर्यादा घालावी लागली आहे. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४५० ते ५५० मिलिग्रॅम. त्याच्या पुढे हृदय निकामी होण्याची भीती झपाट्याने वाढते. आता डॉक्टरांपुढचा पेच पाहा. गाठ विरघळत आहे, औषध लागू पडले आहे, रोगी उभारी धरतो आहे, आणि अशा वेळी हिशेबाची वही सांगते, आता पुरे. औषध कमी पडले म्हणून ते थांबवावे लागले असे नव्हे, तर ते नको त्या जागी गेले म्हणून थांबवावे लागले.

तेव्हा प्रश्न असा, की औषधाला वाट दाखवता येईल का? आणि त्याहून महत्त्वाचे, वाटेवर त्याचे हात बांधून ठेवता येतील का?

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. जर्मनीत पाउल एर्लिख नावाचे थोर वैद्यकशास्त्रज्ञ होऊन गेले. विद्यार्थी असल्यापासून त्यांना रंगांचा नाद. अमुक रंग अमुक पेशींनाच चढतो आणि शेजारच्या पेशी कोऱ्या राहतात, हे त्यांनी पाहिले. रंग जर जागा ओळखतो तर विष का ओळखणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. रोगजंतूला नेमके लागेल आणि रोग्याला धक्का लागणार नाही अशा औषधाला त्यांनी जादूची गोळी म्हटले. ही गोळी अर्थात बंदुकीची. १९०९ साली त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांना ६०६ क्रमांकाचे एक आर्सेनिकयुक्त संयुग उपदंशावर गुणकारी आढळले आणि १९१० साली ते साल्व्हर्सान या नावाने बाजारात आले. हे मोठेच यश होते. पण एर्लिखांच्या कल्पनेत एक अट होती. औषधानेच स्वतः शत्रूला ओळखले पाहिजे. परका जंतू असेल तर हे साधते. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच घरातली, आपल्यासारखीच दिसणारी. तिला ओळखणारे आणि शिवाय मारणारे असे दोन्ही गुण एकाच लहानशा रेणूत क्वचितच सापडतात.

मग पुढच्या शास्त्रज्ञांनी कामाची वाटणी केली. मारण्याचे काम औषधाकडे आणि नेण्याचे काम दुसऱ्याकडे. हा दुसरा म्हणजे एक मोठा थोरला रेणू, महारेणू.

श्रोते हो, यातली युक्ती समजायला आपल्याकडची हुंडीची पद्धत आठवावी. पूर्वी पुण्याचा माणूस काशीयात्रेला निघाला की रोख रुपये कमरेला बांधून नेत नसे. वाटेत चोर, ठग, नदीनाले. तो पुण्यातल्या सावकाराकडे रक्कम भरी आणि हुंडी घेऊन जाई. वाटेत ती हुंडी म्हणजे नुसता कागद. तिने बाजारात शेरभर तांदूळही मिळायचे नाहीत. काशीच्या पेढीवर ती वटली की मात्र तिचे रुपये होत. महारेणूला जोडलेले औषध हे असेच आहे. रक्तातून जाताना ते निष्क्रिय असले पाहिजे. हृदयाला, मज्जेला त्याची झळ लागता कामा नये. आणि ठरलेल्या पेशीत पोहोचल्यावर ते सुटून मोकळे झाले पाहिजे. रोख पैसा अंगावर बाळगून प्रवास करणे ही झाली साधी इंजेक्शनाची पद्धत. आज मी सांगतो आहे ती हुंडीची.

औषध महारेणूला जोडण्याचा एक पहिलावहिला प्रयत्न जर्मनीत हॉर्स्ट याट्झकेविट्झ यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला. मेस्कलिन नावाचे द्रव्य त्यांनी एका कृत्रिम बहुवारिकाला, म्हणजे पॉलिमरला, लहानशा दुव्याने जोडले. पुढे १९७५ साली हेल्मुट रिंग्जडॉर्फ या रसायनशास्त्रज्ञाने अशा औषधाचा एक आराखडाच मांडला. त्यात एक लांब साखळी कण्यासारखी. तिला ठिकठिकाणी औषधाचे रेणू लटकवलेले. साखळी पाण्यात विरघळावी म्हणून काही भाग. मुक्कामाचा पत्ता ओळखणारा एक भाग. आणि औषध व साखळी यांच्यामध्ये दुवा. आज या विषयात काम करणारे लोक हाच आराखडा पुढे ठेवून चालतात.

आता कोणी विचारील, की नेणारा रेणू मोठाच का हवा? थोडे आकडे सांगतो. हायड्रोजनच्या एका अणूचे वजन १ धरले तर पाण्याच्या रेणूचे १८ भरते, ॲस्पिरिनचे १८०, डॉक्सोरुबिसिनचे सुमारे ५४४. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचे सुमारे ६६,००० आणि प्रतिपिंडाचे, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनाचे, सुमारे १,५०,०००. लहान रेणू रक्तवाहिनीच्या भिंतीतून सहज पाझरतो आणि पेशीच्या पातळ आवरणातूनही आत घुसतो. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूत शिरते ते याच रस्त्याने. मोठ्या रेणूला हा रस्ता बंद आहे. निरोगी हृदयातल्या बारीक केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट विणीच्या असतात. महारेणू त्यातून सहजी बाहेर पडत नाही. म्हणजे पत्ता ओळखण्याआधीच, नुसत्या आकाराने, निम्मे काम झाले.

मूत्रपिंडाचेही असेच. ती शरीराची चाळण. लहान रेणू तीतून चटकन गळून जातात, अल्ब्युमिनएवढे मोठे मागे राहतात. म्हणून महारेणूवर बसलेले औषध रक्तात पुष्कळ तास टिकते. पण येथे तारतम्य लागते. जी कृत्रिम साखळी शरीराला मोडता येत नाही, ती फार मोठी केली तर कायमची मुक्कामाला राहील. पाहुणा काम होईपर्यंत थांबावा आणि नंतर वाटेला लागावा. म्हणून अशा साखळ्यांचे वजन बहुधा ३० ते ४० हजारांच्या आसपास ठेवतात. त्या रेंगाळतात आणि मग हळूहळू मूत्रावाटे निघून जातात.

मग गाठीत तरी हा मोठा रेणू कसा शिरतो? याचे उत्तर १९८६ साली जपानमध्ये, कुमामोतो येथे, मात्सुमुरा आणि माएदा यांनी दिले. उंदरांच्या गाठींचा अभ्यास करताना त्यांना आढळले, की मोठी प्रथिने गाठीत साचून राहतात. कारण असे, की गाठ घाईघाईने वाढते आणि आपल्यासाठी रक्तवाहिन्याही घाईघाईने उभारते. घाईचे बांधकाम ते! भिंतींना फटी राहतात. त्या फटींतून महारेणू बाहेर पाझरतो. शिवाय गाठीत लसीकावाहिन्या, म्हणजे सांडपाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्या, धड नसतात. त्यामुळे आत आलेले लवकर बाहेर जात नाही. गाठीचा हा गबाळेपणा औषधाच्या उपयोगी पडला. माएदांनी एका प्रथिनरूप औषधाला बहुवारिक जोडून तयार केलेले स्मान्क्स हे औषध जपानमध्ये १९९३ साली यकृताच्या कर्करोगासाठी मान्य झाले.

गाठीत पोहोचले, आता पेशीत शिरायचे. महारेणूला आवरणातून आरपार जाता येत नाही. पेशी त्याला गिळते. आवरणाला आत खळगा पडतो, खळग्याची पिशवी होते आणि ती पिशवी शेवटी लायसोसोम नावाच्या दुसऱ्या पिशवीला जाऊन मिळते. ही लायसोसोमे बेल्जियमचे ख्रिस्तियां द द्यूव्ह यांनी १९५५ साली शोधली. त्यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लायसोसोम म्हणजे पेशीचे जठरच म्हणा ना! आत आंबटपणा आणि प्रथिने तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे, भरलेली. हीच आपल्या हुंडीची पेढी. हुंडी येथे वटवायची.

म्हणून सगळे कसब दुव्यात आहे. दुवा कच्चा असेल तर औषध वाटेतच रक्तात सुटते आणि मग हुंडी काय नि रोकड काय, सारखेच. दुवा फार पक्का असेल तर पेशीत पोहोचूनही औषध बांधलेलेच राहते आणि सगळी मेहनत पाण्यात. रक्तात न तुटणारा आणि लायसोसोमात हमखास तुटणारा, असा दुवा हवा.

असा दुवा कसा शोधला गेला याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. प्राग शहरात यिंद्रिख कोपेचेक आणि त्यांचे सहकारी एका कृत्रिम बहुवारिकावर काम करीत होते. रक्तस्राव झालेल्या माणसाच्या रक्तद्रवात भर घालावी, हा त्याचा मूळ हेतू. म्हणजे द्रव्य अगदी निरुपद्रवी. याच साखळीवर पुढे त्यांनी इंग्लंडमधील रूथ डंकन यांच्या सहकार्याने डॉक्सोरुबिसिन बसवायचे ठरवले. दुवा म्हणून चार अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी घेतली. ग्लायसिन, फेनिलॲलानिन, ल्युसिन आणि पुन्हा ग्लायसिन. रक्तात हिला तोडणारे कोणी नाही. लायसोसोमात मात्र कॅथेप्सिन-बी नावाचे विकर आहे, ते तिला बरोबर तोडते. या औषधाला पीके-१ असे नाव मिळाले आणि १९९४ साली ब्रिटनमध्ये ते रोग्यांवर अजमावण्यास सुरुवात झाली.

त्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. ३६ रोगी होते. साधे डॉक्सोरुबिसिन एका वेळी चौरस मीटरमागे ६० ते ७५ मिलिग्रॅम देतात. येथे ३२० मिलिग्रॅमपर्यंत जाता आले. आणि हृदय? मघाशी सांगितलेली आयुष्याची मर्यादा आठवा, ४५० ते ५५०. या चाचणीत एकूण मात्रा १,६८० मिलिग्रॅमपर्यंत गेली, तरी कोणाचे हृदय निकामी झाल्याचे दिसले नाही. औषध तेच, रेणूही तोच. फक्त तो हुंडीच्या रूपाने गेला.

पण येथेच थांबलो तर गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखी होईल. त्या ३६ जणांपैकी दोघांच्या गाठी बऱ्यापैकी आकसल्या आणि आणखी दोघांच्या थोड्याशा. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत फार दिवस आजारी असलेले, इतर उपाय थकलेले रोगी असतात, हे खरे. तरीही पुढच्या चाचण्यांतून हे औषध बाजारापर्यंत पोहोचले नाही. हृदय वाचवणे एक आणि रोग हटवणे दुसरे, हा धडा त्यातून मिळाला. उंदराच्या गाठीत फटी पुष्कळ असतात. माणसाच्या गाठींत तसे नेमके सांगता येत नाही. एकाच रोग्याच्या दोन गाठींतही फरक असतो. नुसत्या फटींवर विसंबून चालत नाही.

तेव्हा पत्ता हवा. त्याच साखळीला गॅलॅक्टोजच्या जातीची एक शर्करा जोडून पीके-२ तयार केले. यकृताच्या पेशींवर ही शर्करा ओळखून आत ओढून घेणारी एक खास प्रथिनरचना असते. यकृताचा कर्करोग झालेल्या रोग्यांना हे दिल्यावर एका दिवसाने पाहिले, तो दिलेल्या औषधाचा शेकडा सुमारे १७ भाग यकृतात पोहोचलेला. पत्ता बरोबर लागला होता. मात्र त्यातला बराचसा भाग यकृताच्या निरोगी पेशींत गेला आणि गाठीत थोडाच. गाव सापडले, पण घर चुकले, असे झाले. कारण तोच पत्ता निरोगी पेशींच्याही दारावर होता.

मौज अशी, की हाच पत्ता पुढे दुसऱ्या कामी आला. यकृतातल्या पेशींनाच, आणि त्या सगळ्यांनाच, औषध द्यायचे असेल तर याच्यासारखा पत्ता नाही. आनुवंशिक संदेश दडपणारी नवी औषधे याच जातीची शर्करा जोडून यकृताकडे पाठवली जातात. पोर्फिरिया या आनुवंशिक व्याधीवरचे गिव्होसिरान हे असे औषध अमेरिकेत २०१९ साली मान्य झाले. कोलेस्टेरॉल उतरवणारे, दोन-तीन मात्रांनंतर सहा महिन्यांतून एकदाच घ्यावे लागणारे इन्क्लिसिरान युरोपात २०२० साली आले.

कर्करोगासाठी याहून नेमका पत्ता हवा होता. तो प्रतिपिंडांनी दिला. १९७५ साली केंब्रिज येथे क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. त्यांना १९८४ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. प्रतिपिंड हा मुळातच महारेणू आणि मुळातच पत्ता ओळखणारा. त्याला औषध जोडले की वाहक आणि पत्ता एकाच ठिकाणी. या रीतीचे पहिले औषध, रक्ताच्या एका कर्करोगावरचे जेमतुझुमॅब, अमेरिकेत २००० साली मान्य झाले. पण पुढच्या चाचणीत फायदा दिसेना आणि अपाय दिसू लागला, म्हणून २०१० साली ते मागे घेतले गेले. नंतर कमी मात्रेने, विभागून देऊन पुन्हा तपासले, तेव्हा त्याची उपयुक्तता पटली आणि २०१७ साली ते परत आले. औषध तेच, किती द्यायचे आणि कसे द्यायचे हे समजायला मधली वर्षे गेली.

स्तनाच्या कर्करोगाचे उदाहरण अधिक बोलके आहे. या कर्करोगाच्या रुग्णांपैकी शंभरात १५ ते २० जणींच्या गाठींत हर-२ नावाचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर फाजील वाढलेले असते. ते ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला सरासरी साडेतीन रेणू एका जहाल विषाचे जोडले. हे विष इथिओपियातल्या एका झुडपात सापडलेल्या द्रव्याच्या कुळातले. मूळ द्रव्य १९७० नंतरच्या दशकात नुसतेच देऊन पाहिले होते आणि रोग्यांना सोसवेना म्हणून सोडून दिले होते. रोख म्हणून जे चालले नाही, ते हुंडी म्हणून चालले. ९९१ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंतच्या उपचाराने रुग्णांचे मध्यम आयुर्मान २५.१ महिने भरत होते, ते या औषधाने ३०.९ महिने झाले. आणि गंभीर त्रास शंभरात ५७ जणांना होत असे, तो ४१ जणांवर आला. आयुष्य लांबले आणि त्रासही घटला, असे कर्करोगाच्या औषधांत एका वेळी फार थोड्यांदा घडते. २०१३ साली अमेरिकेत ते मान्य झाले आणि २०२१ साली त्याची समरूप आवृत्ती भारतातच तयार होऊ लागली.

त्यानंतर २०१९ साली त्याच प्रतिपिंडावर दुसरे औषध बसवलेला जोड आला. यात एका प्रतिपिंडावर आठाच्या आसपास रेणू असतात आणि दुवा तुटल्यावर मोकळे झालेले औषध शेजारच्या पेशीतही शिरते. गाठीतल्या ज्या पेशींच्या दारावर पत्ता नाही त्यांचाही असा समाचार घेतला जातो. पण त्याचबरोबर काही रुग्णांच्या फुप्फुसाला सूज येते आणि ती वेळीच ओळखली नाही तर जिवावर बेतते. हे औषध चालू असताना नवा खोकला किंवा धाप लागली तर ती अंगावर काढायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचे, एवढे मी येथे मुद्दाम सांगून ठेवतो.

आता आपल्या देशातला एक धागा. त्यात वाहक काटेकोर अर्थाने एक महारेणू नाही. चरबीसारख्या रेणूंची ती सूक्ष्म पोकळ गोळी आहे. तिला लायपोसोम म्हणतात. केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम यांनी १९६० नंतरच्या दशकात ती प्रथम दाखवून दिली. अशा परक्या गोळ्या रक्तात आल्या की यकृत व प्लीहा यांतल्या भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. गाठीकडे औषध पाठवू पाहणाऱ्यांना हा मोठाच अडथळा. पण काळा आजार हा रोग बघा. त्याचे परजीवी नेमके या भक्षक पेशींतच घर करून राहतात. म्हणजे अडथळा तोच मुक्काम झाला! ॲम्फोटेरिसिन हे औषध काळ्या आजारावर गुणकारी, पण मूत्रपिंडाला जाचक. ते लायपोसोमात भरल्यावर जाच पुष्कळ कमी झाला. बिहारमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किलोमागे १० मिलिग्रॅमची एकच मात्रा बहुतेक रोग्यांना पुरी पडली. एरवी त्यासाठी महिनाभर एक दिवसाआड शिरेतून औषध घ्यावे लागे. हातावर पोट असलेल्या मजुराच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. आणि असे औषध आपल्याकडे तयार व्हावे म्हणून दिल्लीचे बिमलकुमार बच्छावत व मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी केलेले काम विसरून चालणार नाही.

श्रोते हो, हे सगळे ऐकून कोणाला वाटेल, की आता औषध बाणासारखे सुटते आणि लक्ष्यावर लागते. तसे समजू नये. २०१६ साली कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी दहा वर्षांतले अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. प्राण्यांना टोचलेल्या सूक्ष्मकण वाहकांपैकी गाठीपर्यंत किती पोहोचतात? मध्यम आकडा निघाला शेकडा ०.७. म्हणजे हजार निघाले तर सात पोहोचले. बाकीचे यकृताने, प्लीहेने, मूत्रपिंडाने वाटेत अडवले. मग या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी म्हणेल. उपयोग आहे; आणि तो हुंडीच्या दृष्टांतातच आहे. शंभर हुंड्यांपैकी बऱ्याचशा वाटेत हरवल्या, तरी चोराला त्या वटवता येत नसतील तर नुकसान मर्यादित राहते. रोकड हरवली तर ती चोराच्याच कामी येते. म्हणून वाहकाची परीक्षा दोन प्रश्नांनी करावी. मुक्कामी किती पोहोचले, हा एक. आणि जे पोहोचले नाही ते वाटेत मोकळे सुटले की बांधलेलेच राहिले, हा दुसरा. रोग्याचे हृदय, मज्जा, मूत्रपिंड या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर तगून असतात.

अलीकडे इस्पितळात ‘टार्गेटेड’ हा शब्द सारखा कानावर येतो. शब्द मोठा आश्वासक आहे, आणि त्याच्या मागून येणारे बिलही मोठे असते. घरातली माणसे भांबावून सह्या करतात. अशा वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. विचारण्यात संकोच मुळीच नको. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांचे स्वागतच करतो. पहिली, हे औषध जो पत्ता शोधते, तो आमच्या रोग्याच्या गाठीवर आहे, हे तपासून पाहिले आहे का? पत्ताच नसेल तर हुंडी कितीही भारी असो, वटायची कोठे? दुसरी, तोच पत्ता शरीरात आणखी कोठे आहे आणि तेथे काय त्रास संभवतो? आणि तिसरी, कोणते लक्षण दिसले तर रात्री-बेरात्रीसुद्धा तुम्हाला कळवायचे?

या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊन घरी येणारा माणूस उपचाराला अधिक धीराने सामोरा जातो. शास्त्रज्ञांचे काम तर चालूच आहे. कोणी नवा दुवा शोधत आहे, कोणी नवा पत्ता, कोणी शरीरात आपोआप विरून जाणारी साखळी. पाउल एर्लिख यांनी बंदुकीच्या गोळीची कल्पना केली तेव्हा औषधानेच लक्ष्य ओळखावे अशी त्यांची अपेक्षा होती. शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवाने आपण एवढे शिकलो, की औषध किती जहाल आहे याला जितके महत्त्व, तितकेच ते कोठे मोकळे होते यालाही आहे. जहाल औषधे आपल्याजवळ पुष्कळ आहेत. त्यांना योग्य दारी नेऊन तेथेच मोकळे करणारा दुवा प्रत्येक रोगासाठी निराळा शोधावा लागतो आणि त्या शोधाला वर्षे लागतात. ज्या रोग्याचे औषध आज हृदयापायी थांबवावे लागते, त्याच्यासाठी ही वर्षे जितकी कमी होतील तितके बरे.